पॉवरपॉइंटचा प्रेझेंटर व्ह्यू: खरी मदार माऊसवर नव्हे, कळफलकावर

मायक्रोसॉफ्ट पॉवरपॉइंटमधील, वक्त्याला त्याच्या टिपा श्रोत्यांना न दिसता दाखवणारी प्रेझेंटर व्ह्यू ही सोय मुळीच नवी नाही. 2013च्या आवृत्तीपासून तर लॅपटॉपला दुसरा पडदा जोडून स्लाइड शो सुरू केला की ती बहुधा आपोआपच समोर येते. असे असूनही चर्चासत्रांत आणि कार्यालयीन बैठकांत पडद्याकडे तोंड आणि श्रोत्यांकडे पाठ करून स्लाइडवरचा मजकूर शब्दशः वाचणारे वक्ते आजही पदोपदी भेटतात. ही सोय दीर्घकाळ वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की तिची रचना उत्तम आहे, परंतु जो वक्ता ती केवळ माऊसने चालवतो त्याच्या पदरी तिचे निम्मे गुण पडतात आणि सगळे दोष पडतात.

रचनेविषयी थोडक्यात सांगायचे तर श्रोत्यांना प्रोजेक्टरवर फक्त चालू स्लाइड दिसते आणि वक्त्याला लॅपटॉपवर डावीकडे तीच स्लाइड, उजवीकडे पुढे काय येणार आहे त्याची छोटी प्रतिमा आणि तिच्याखाली आपण लिहून ठेवलेल्या टिपा दिसतात. टिपांचा अक्षराकार वाढवण्याचे बटण तिथेच असल्यामुळे चष्मा विसरलेल्या माणसाचीही सोय होते. हे सारे दिसण्यासाठी विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडलेला असावा लागतो. ‘डुप्लिकेट’ निवडलेला असेल तर दोन्हीकडे एकच चित्र दिसते आणि वक्त्याचा खासगी पडदा उरतच नाही.

माऊसचा घोटाळा नेमका या ‘एक्स्टेंड’मुळे होतो. दोन्ही पडदे मिळून एकच सलग पृष्ठभाग तयार झालेला असल्याने बाण लॅपटॉपच्या कडेवरून थेट प्रोजेक्टरवर जाऊन पोहोचतो, वक्ता तो लॅपटॉपवर शोधत राहतो आणि तिथे चुकून क्लिक झाले तर स्लाइड पुढे सरकते, उजवे बटण दाबले गेले तर भर सभेत मेनू उघडतो. त्याहून फसवा प्रकार रिमोटचा. बहुतेक रिमोट संगणकाला पेज अप आणि पेज डाउन या कळांचेच संकेत पाठवतात. त्यामुळे मध्येच दुसऱ्या एखाद्या खिडकीवर क्लिक झाले असेल तर रिमोटची आज्ञा त्या खिडकीकडे जाते, स्लाइड जागची हलत नाही आणि आयोजकांची बॅटरीसाठी धावपळ सुरू होते. अशा वेळी ऑल्ट आणि टॅब दाबून स्लाइड शोकडे परतणे एवढाच उपाय पुरतो.

कळफलकावरील ज्या सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही सुचवीन, ती म्हणजे स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबणे. पीएचडीच्या मौखिक परीक्षेत उमेदवार बाराव्या स्लाइडवर असताना बहिःस्थ परीक्षक प्रश्नावलीतील एखाद्या तक्त्याविषयी विचारतात आणि तो तक्ता एकतिसाव्या स्लाइडवर असतो. बाणाची कळ दाबत जाणारा उमेदवार मधल्या सगळ्या स्लाइड आणि त्यांवरची उडती अक्षरे परीक्षकांना दाखवत तिथे पोहोचतो. 31 टंकून एंटर दाबणारा थेट पोहोचतो, आणि 12 व एंटर दाबून तसाच परततो. ‘हाइड स्लाइड’ करून शेवटी लपवलेली स्लाइडही याच पद्धतीने उघडते, त्यामुळे पूरक तक्ते, आकडेमोड, संदर्भ असा सगळा दारूगोळा मागे दडवून ठेवता येतो. मी त्या लपवलेल्या स्लाइडांचे क्रमांक समारोपाच्या स्लाइडच्या टिपेत लिहून ठेवतो, कारण प्रश्न बहुधा तिथे आल्यावरच विचारले जातात.

दुसरी कळ बी. ती दाबली की श्रोत्यांचा पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. वर्गात पडद्याशेजारच्या फळ्यावर सूत्र मांडायचे असेल किंवा चर्चा रंगात आली असताना मागची स्लाइड लक्ष खेचत असेल, तर या एका कळेने सगळ्या नजरा वक्त्याकडे वळतात. डब्ल्यू दाबल्यास पडदा पांढरा होतो, पण अंधाऱ्या सभागृहात तो डोळ्यांवर येतो. कंट्रोल आणि पी या कळांनी पेन मिळते, कंट्रोल आणि एल यांनी लाल ठिपका, आणि ई दाबले की स्लाइडवरील सर्व रेघोट्या पुसल्या जातात. पेन सुरू असेपर्यंत क्लिक केल्याने स्लाइड पुढे जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. कंट्रोल आणि ए दाबून बाण परत आणावा.

उणिवाही आहेत. वरच्या कोपऱ्यातील घड्याळ किती वेळ गेला ते सांगते, किती उरला ते सांगत नाही. शोधनिबंधाला पंधरा मिनिटे मिळालेली असताना बोलता बोलता वजाबाकी करणे त्रासाचे ठरते. कळांची यादी स्लाइड शो चालू असताना एफ1 दाबल्यावर दिसते, पण ही गोष्ट पॉवरपॉइंट आपणहून कुठेच कळू देत नाही. शिवाय अनेक लॅपटॉपवर स्लाइड शो सुरू करणारी एफ5 ही कळ आवाज किंवा प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कामी जुंपलेली असल्यामुळे तिच्यासोबत एफएन दाबावी लागते. मायबोलीत टिपा लिहिणाऱ्यांनी त्या युनिकोडमध्येच टंकाव्यात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा उमटतो.

आपल्याकडील चर्चासत्रांत आणखी एक अडचण हमखास येते. ‘पीपीटी पेन ड्राइव्हवर द्या’ असे सांगून आयोजक सर्वांच्या फायली व्यासपीठावरील एकाच संगणकावर चढवतात आणि तो बहुधा ‘डुप्लिकेट’वर असतो. तिथे प्रेझेंटर व्ह्यूचा आग्रह धरून सत्राचा खोळंबा करण्यापेक्षा टिपांसह स्लाइड छापून न्याव्यात. क्रमांक-एंटर आणि बी या कळा तिथेही चालतातच. घरी सराव करताना दुसरा पडदा नसला तरी ऑल्ट आणि एफ5 दाबल्यास एकाच पडद्यावर हा व्ह्यू उघडतो.

ज्यांना परवान्याचा खर्च नको आहे त्यांच्यासाठी लिबरऑफिस या संचातील इम्प्रेस या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रेझेंटर कन्सोल’ विनामूल्य उपलब्ध आहे. दिसायला ते काहीसे साधे असले तरी टिपांच्या बाबतीत ते मला सरस वाटते, कारण टिपांचा आकार जी आणि एस या कळांनी वाढवता-घटवता येतो, आणि लांब टीप ए आणि झेड यांनी वर-खाली सरकवता येते. माऊसला हात लावावा लागत नाही. दोन्ही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरणाऱ्यांनी जी या कळेपासून तेवढे सावध राहावे: इम्प्रेसमध्ये जिने टिपांची अक्षरे मोठी होतात, तीच कळ पॉवरपॉइंटमध्ये सगळ्या स्लाइडांचा पट मांडते.