विमा एजंटालाच गिऱ्हाईक करणारा दवाखाना

गेली १९ वर्षं मी विमा विकतोय. लोकांचं 'बघू, विचार करून सांगतो' मोडून काढणं हाच माझा धंदा. आणि लेकीच्या एचपीव्ही लशीच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणाऱ्या लशीच्या बाबतीत मीच वर्षभर 'बघू' म्हणत बसलो होतो.

ती नऊची झाली तेव्हा आमच्या आधीच्या डॉक्टरांनी विषय काढला होता. "ऑप्शनल आहे, घरी विचार करून सांगा." घरी झालेला विचार एवढाच, की आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीला कशाला ती लस? लग्न ठरलं की बघू." माहितीपत्रक काही दिवस फ्रिजवर होतं, मग फ्रिजच्या मागे पडलं.

यंदा दहाव्या वर्षीच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी मिरजेतल्या या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी 'घेणार का' असं विचारलंच नाही. "दहा पूर्ण झाली ना? मग आज टीडी आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस, दोन्ही देऊ. काही शंका असेल तर आत्ताच विचारा." गिऱ्हाइकाच्या हातात पेन ठेवायचं आणि गप्प राहायचं, तसं.

शंका आईनेच काढली, तीच लग्नाची. सिस्टर तिच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. "आजी, हा विषाणू अंगात शिरायच्या आधी लस द्यावी लागते, नंतर तिचा तेवढा उपयोग नाही. आणि पंधराच्या आत दोन डोस पुरतात, पुढे तीन घ्यावे लागतात." अहो, हे तर मी रोज घसा कोरडा करून सांगतो! लवकर घ्या, हप्ता कमी बसतो, दुखणं आल्यावर पॉलिसी मिळत नाही. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी थोरली जाऊ यातच गेली. तेव्हा कुणी आजाराचं नावसुद्धा घेत नव्हतं." थोरल्या काकूचं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लस सिरमची, पुण्यात बनणारी. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, कारण या वयाच्या मुलींना कधी कधी भोवळ येते. आमच्या बाईसाहेबांना भोवळबिवळ नाही, भूक लागली. निघताना डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "तुमची या कॅन्सरची तपासणी कधी झालीय?" लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी चुकत नाही, हे मला तिथं कळलं.

पुतणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी करते. तिला हे सगळं सांगितलं तर हसली. म्हणे, याचं शास्त्र आहे, 'हेल्थ बिलीफ मॉडेल'. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या फुकट एक्स-रे तपासणीलाही लोक येईनात, तेव्हा त्याचं कारण शोधताना ते निघालं. आजार आपल्याला होऊ शकतो असं वाटतं का, तो किती गंभीर वाटतो, उपायाचा फायदा काय, आड काय येतं आणि ऐनवेळी हलवून जागं कोण करतं, असा हिशोब. आमच्या आड आलं होतं 'लग्न ठरलं की'.

सिस्टरनी आणखी एक केलं. सहा महिन्यांनंतरच्या डोसची तारीख आणि वेळ कार्डावर माझ्याच हाताने लिहून घेतली. पुतणी म्हणाली, अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूच्या लशीसाठी नेमकं हेच करून पाहिलं, तर घेणारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. चारच टक्के! पण माझ्या धंद्यात चार टक्क्यांवर दिवाळी होते.

आता तक्रारी. दुसऱ्या डोसची आठवण करणारा मेसेज येणार होता, तो आलाच नाही. कॅलेंडरवर कार्ड टाचलं होतं म्हणून आम्ही वेळेवर पोचलो, तर लस संपलेली. आठवड्याने पुन्हा खेप. उशिराने बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या, पण माझी अर्ध्या दिवसाची बुडीत कोण भरून देणार? शिवाय भिंतीवरच्या पोस्टरवर सगळ्या मुलीच. ही लस मुलांनाही चालते, हे मी मुलाचा विषय काढला तेव्हा कळलं. तो पुढच्या महिन्यात नऊचा होतोय, त्याचं नावही लिहून आलोय.

पाचपैकी चार तारे. जायचं तर सकाळी अकराच्या आत जा आणि निघण्याआधी लस शिल्लक आहे का, फोन करून विचारा. गाडी मागच्या बोळात लागते.