कोडक्यूएल: मॉडबसच्या कोडची झडती

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील कारखान्यांत यंत्रांचे कंट्रोलर नेटवर्कला जोडले जात असताना त्यामागचा सी भाषेतील कोड कोण तपासतो, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कोडमधील सुरक्षेच्या त्रुटी शोधणारे गिटहबचे साधन, कोडक्यूएल, एका ओपन सोर्स मॉडबस लायब्ररीवर चालवून पाहिले. मॉडबस म्हणजे औद्योगिक यंत्रांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करण्याची ठरलेली पद्धत.

हे साधन कोड बिल्ड होताना त्याचा डेटाबेस तयार करते आणि त्यावर क्वेरी, म्हणजे शोधप्रश्न, चालवता येतात. मॉडबस टीसीपीच्या, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या मॉडबसच्या, ७ बाइटच्या हेडरमध्ये लांबीसाठी २ बाइट असतात. म्हणजे संपूर्ण फ्रेमची मर्यादा २६० बाइट असली, तरी समोरचा तिथे ६५५३५ लिहून पाठवू शकतो. असा आकडा तपासणीविना मेमकॉपीपर्यंत (मेमरीतील माहिती दुसरीकडे उतरवणाऱ्या सी फंक्शनपर्यंत) पोहोचतो का, याचा माग क्वेरी एकेका फंक्शनमधून काढत जाते. २०१४ मध्ये उघड झालेला, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष याच जातीचा: पाकिटाने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवल्याने एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती.

खरी कसोटी कोडच्या थरांच्या सांध्यावर लागते. खालच्या थराने लांबी तपासली आणि वरच्याने ती वापरली, तर नाहक इशारे येऊ शकतात. मध्ये फंक्शन पॉइंटर (कोणते फंक्शन चालवायचे ते कोड चालतानाच ठरवणारा दुवा) आला, तर उलट मागच तुटू शकतो. त्यामुळे दाखवलेला मार्ग स्वतः वाचण्याला, माझ्या मते, पर्याय नाही. क्वेरी ज्या भाषेत लिहितात ती क्यूएल भाषा अंगवळणी पडायलाही वेळ लागतो.

ओपन सोर्स कोड आणि शैक्षणिक संशोधनासाठी कोडक्यूएल मोफत आहे. खासगी कोडसाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागतो, आणि उद्यमनगरातील छोट्या उद्योजकाला तो हिशेब आधी मांडावा लागेल.