चौकशा गाळणारा फॉर्म: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव मी सहाव्या महिन्यात लिहिला असता, तर तो जवळजवळ निव्वळ कौतुकाचा झाला असता. सातव्या महिन्यात एका संस्थेच्या प्रशासन विभागातून फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी अगदी सौम्य आवाजात विचारले, "आम्ही तुमचा फॉर्म भरून १७ दिवस झाले. तुम्हाला काम नको आहे का?" आम्ही कार्यालयीन कर्मचाऱ्यांना संगणकाचे प्रशिक्षण देतो, आणि काम आम्हाला फार हवे होते. बाईंची नोंद शोधली तेव्हा ती ‘इतर’ या गटात सापडली. त्यांनी कर्मचारी ६० लिहिले होते, निर्णय आपणच घेणार असल्याचे सांगितले होते आणि प्रशिक्षण येणाऱ्या तिमाहीत हवे असल्याचा पर्याय निवडला होता. आमच्याच नियमांप्रमाणे ही नोंद ‘लगेच फोन’ या गटात पडायला हवी होती, आणि ‘इतर’ गट तेव्हा आमच्याकडे कोणीही उघडून पाहत नसे.

हा फॉर्म ज्या ऑनलाइन साधनात बनवला आहे त्याचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला अर्धा दोष आमचा आहे. अशा साधनांमध्ये काय काय असते हे वाचकांना ठाऊक असेलच: उत्तरानुसार पुढची वाट बदलणारे, म्हणजे शाखा फोडणारे प्रश्न, उत्तरांना गुण, गुणांवरून किंवा थेट उत्तरांवरून गट, आणि गटानुसार सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत) नोंद किंवा विक्री करणाऱ्या माणसाला ईमेल. आम्ही मधला प्लॅन घेतला, तोही वर्षाचे पैसे एकरकमी भरून, कारण तसे भरल्यास सवलत होती. या सवलतीने माझे तोंड पुढे कितीदा बंद केले, ते ओघात येईलच.

आधी चांगले सांगतो. शाखांची सोय उत्तम आहे. गूगल फॉर्म्समध्ये उत्तरानुसार वेगळ्या विभागात पाठवायचे असेल तर एकच पर्याय निवडण्याचा प्रश्न किंवा ड्रॉपडाऊन एवढेच कामाला येते. येथे आकडा, तारीख, अनेक पर्यायांचा प्रश्न अशा कशावरूनही वाट बदलता येते. पहिल्याच प्रश्नात कोणी ‘स्वतःच्या अभ्यासासाठी’ असे निवडले, की त्याला आम्ही फोन नंबर विचारत नाही, मोफत साहित्याच्या पानावर नेतो आणि नमस्कार करतो. पूर्वी अशा माणसांना आम्ही फोन करत असू आणि दोन्हीकडच्या लोकांचा वेळ वाया जात असे. मात्र अशी परत पाठवलेली उत्तरेही प्लॅनमधल्या महिन्याच्या उत्तरांच्या मर्यादेत मोजली जातात. ज्याला आपण गिऱ्हाईक म्हणून नाकारले, त्याचेही मोल साधनाला मोजायचे, हे मला आजही पटत नाही. विचारणा केल्यावर उत्तर आले की ‘सबमिट’ झालेले प्रत्येक उत्तर हे उत्तरच असते.

लपवलेल्या, म्हणजे भरणाऱ्याला न दिसणाऱ्या फील्डची सोयही ठीक आहे. जाहिरातीच्या दुव्याला यूटीएमचे, म्हणजे स्रोत सांगणारे तुकडे जोडले, की माणूस कोठून आला ते फॉर्ममध्ये आपोआप नोंदले जाते. (यूटीएममधला ‘यू’ म्हणजे Urchin, अर्थात अर्चिन, ही कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली आणि तिच्यापासूनच पुढे गूगल ॲनालिटिक्स झाले. कंपनी विरली तरी तिचे आद्याक्षर आपण रोज टाइप करतो.) एवढेच पाहावे की दुवा मध्ये दुसऱ्या पत्त्यावर वळत असेल तर हे तुकडे वाटेत गळू शकतात, आणि मग स्रोताचा रकाना रिकामा राहतो.

गुणांच्या बाबतीत माझे मत वापरताना बदलले. सुरुवातीला मी मोठ्या उत्साहाने १०० गुणांची पत्रिका बनवली. बजेट, अधिकार, गरज आणि कालावधी ही गिऱ्हाईक पारखण्याची जुनी चौकट समोर होतीच. कालावधीला ३०, निर्णयाच्या अधिकाराला २५, कर्मचारीसंख्येला २५ आणि बजेटला २० असे गुण वाटले. शिवाय मोफत ईमेल सेवेचा पत्ता असेल तर वजा १०. पहिल्या दोन महिन्यांतच दोन गोष्टी उघड झाल्या. बजेटच्या प्रश्नावर येऊन लोक फॉर्म सोडून देत होते, आणि जे सोडत नव्हते ते डोळे मिटून सर्वांत खालचा आकडा निवडत होते. म्हणजे तो प्रश्न ऐपत मोजण्याऐवजी सावधपणा मोजत होता. तो प्रश्न मी शेवटी नेला आणि ऐच्छिक केला. दुसरे म्हणजे, आमचे आजवरचे सर्वांत चोख पैसे देणारे गिऱ्हाईक मोफत ईमेलवरून आले होते, आणि वजा १० मुळे ते यादीत इतके खाली गेले होते की मी त्यांना केवळ कंटाळा आला म्हणून फोन केला होता. वजा गुण त्याच दिवशी काढून टाकले. पुढे गुणच बाजूला ठेवले आणि तीन उत्तरांच्या साध्या नियमावर गट पाडू लागलो: कर्मचारी २५ किंवा अधिक, निर्णय स्वतःचा किंवा सहभागाचा, आणि कालावधी ‘महिनाभरात’ किंवा ‘येणाऱ्या तिमाहीत’. तिन्ही जुळले तर लगेच फोन. एकही चुकले तर ‘इतर’.

आता त्या एका दोषाकडे येतो, ज्याच्यासाठी हे सारे लिहायला बसलो.

आमच्या फॉर्ममध्ये ‘तिमाहीत’ हा शब्द चुकून ऱ्हस्व ‘हि’ने लिहिलेला होता. एका सहकाऱ्याच्या ते लक्षात आले आणि तिने प्रवासात असतानाच फोनवरून तो दुरुस्त केला. शुद्धलेखनाच्या या पुण्यकर्मानंतर १९ दिवस तो पर्याय निवडणारा प्रत्येक माणूस ‘इतर’मध्ये जात राहिला. कारण साधे आहे: हे साधन नियमात पर्यायाचा मजकूर जसाच्या तसा साठवते. पर्याय बदलला तरी नियमात जुना मजकूरच राहतो, आणि आता जगात कोठेही अस्तित्वात नसलेल्या त्या पर्यायाची वाट पाहत तो नियम शांतपणे बसून राहतो. लाल खूण नाही, सूचना नाही, ईमेल नाही. ‘महिनाभरात’ निवडणाऱ्यांच्या नोंदी नेहमीप्रमाणे येत होत्या, त्यामुळे चौकशा थोड्या कमी झाल्या आहेत एवढेच आम्हाला वाटले आणि त्याचे खापर आम्ही जाहिरातीवर फोडले.

त्या १९ दिवसांत अशा ११ चौकशा अडकल्या होत्या. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ मध्ये आलेल्या एका लेखाचा दाखला या क्षेत्रात सतत दिला जातो: ऑनलाइन चौकशी आल्यापासून तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी अर्थपूर्ण बोलणे साधण्याची शक्यता, आणखी एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ सातपट होती. तेथे हिशेब तासांचा आहे आणि आम्ही आठवड्यांत होतो. ११ पैकी चौघांनी पुन्हा बोलण्याची तयारी दाखवली. त्या बाई त्यांतल्या एक, आणि त्याही केवळ स्वतः फोन केला म्हणून.

मी नियम दुरुस्त करायला घेतला. दुरुस्तीच्या चौकटीत जुना मजकूरच अडकून बसला होता, म्हणून मी तो पुसून संगणकाच्या कीबोर्डवर नवा टाइप केला. चाचणीसाठी स्वतःच फॉर्म भरला. नोंद पुन्हा ‘इतर’मध्ये. पुन्हा टाइप केले, पुन्हा तेच. मदत विभागाशी चॅट सुरू केले. पहिल्या माणसाने कॅशे पुसायला सांगितले, दुसऱ्याने ब्राउझर बदलायला सांगितले, तिसऱ्याने पहिल्याचे उत्तर पुन्हा चिकटवले. चौथ्याने मात्र एका ओळीत लिहिले की नियमातला आणि पर्यायातला मजकूर वेगवेगळा आहे. हे वाचून माझे डोके फिरले. दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवलेले चित्र मी त्यांना पाठवले आणि फरक दाखवून द्या असे जरा चढ्या भाषेत लिहिले.

त्यांना खोटे पाडायचे म्हणून मी दोन्ही मजकूर स्प्रेडशीटच्या दोन घरांत चिकटवले आणि अक्षरे मोजणारे ‘लेन’ सूत्र लावले. एका घरात १६ आले, दुसऱ्यात १७. मी बराच वेळ त्या १७ कडे पाहत राहिलो.

भानगड ‘ऱ्य’ची होती. ‘येणाऱ्या’मधला तो आडवा रफार संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि य येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा न दिसणारा जोडक आणि नंतर य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. फोनचा कीबोर्ड एक प्रकार वापरत होता, माझ्या संगणकाचा दुसरा. मदत विभागातला तो चौथा माणूस शब्दशः बरोबर होता, आणि मराठीत फॉर्म करणाऱ्या कोणालाही ‘तुमच्याऐवजी’, ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांसाठी’ असे पर्याय लिहिताना यांतल्या मधल्या आणि शेवटच्या शब्दाला ही ठेच लागू शकते. त्यांची माफी मागितली. उपाय एवढाच निघाला की पर्यायातला मजकूर कॉपी करून नियमात चिकटवायचा, टाइप म्हणून करायचा नाही.

माफी मागूनही तक्रार मात्र मी मागे घेतली नाही. लिपीची ही गुंतागुंत साधन बनवणाऱ्यांनी निर्माण केलेली नाही हे खरे, पण दिसणाऱ्या मजकुरावर नियम टांगणे ही निवड त्यांचीच आहे. साध्या वेबपानावरच्या ड्रॉपडाऊनमध्येसुद्धा दिसणारा मजकूर वेगळा आणि आतून पाठवले जाणारे मूल्य वेगळे ठेवता येते. प्रत्येक पर्यायाला स्वतःचा एक क्रमांक असता, तर सहकाऱ्याने शुद्धलेखन सुधारले काय आणि मी कोणताही कीबोर्ड वापरला काय, नियमाला त्याची गंधवार्ताही लागण्याचे कारण नव्हते. आठव्या महिन्यात त्यांनी नेमकी हीच सोय आणली. आनंदाने उघडायला गेलो तर ती वरच्या प्लॅनमध्ये आहे. वर्षाचे पैसे आधीच भरलेले असल्याने मध्येच सोडून जाण्याची धमकीही देता येईना.

एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे लाभली, आणि तिचा साधनाच्या हुशारीशी फारसा संबंध नाही. फॉर्मच्या शेवटी मी एक मोकळा प्रश्न ठेवला होता: "हे काम आपल्याकडे सध्या कोण व कसे करते?" त्याला गुण नव्हते, नियमही नव्हता, केवळ रिकामी चौकट होती. त्या बाईंचे उत्तर शोधून वाचले तेव्हा त्यात लिहिले होते, "हजेरी तीन वेगवेगळ्या फाइलींत भरली जाते आणि महिनाअखेरीस एकच जण दोन दिवस बसून ती जुळवतो. तो पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे." यापेक्षा नेमकी गरज कोणत्या ड्रॉपडाऊनने सांगितली असती? तेव्हापासून मी रोज सकाळी सगळ्या गटांतली ही चौकट वाचतो, ‘इतर’मधलीसुद्धा. दोन वाक्यांपेक्षा जास्त लिहिणारा माणूस फोनवर नीट बोलतो, आणि ‘काही नाही’ लिहिणारा तिन्ही नियमांत बसत असला तरी बहुधा दर विचारून थांबतो, एवढे माझ्या अनुभवापुरते सांगता येईल.

उत्तरांच्या निर्यातीबद्दल थोडक्यात: बाहेर काढलेली सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडली तर मराठी मजकुराचा चिखल होतो. एक्सेलमधूनच डेटा आयात करून यूटीएफ-८ हे अक्षरसंकेतन निवडावे, म्हणजे अक्षरे शाबूत राहतात. उत्तर आपोआप दुसऱ्या प्रणालीकडे पाठवणारा वेबहूक नऊ महिन्यांत एकदाही अडला नाही. फोनवर फॉर्म झटकन उघडतो. अर्धवट भरलेली उत्तरे जपण्याची सोय आमच्या प्लॅनमध्ये नाही.

वरच्या प्लॅनमध्ये मी जाणार नाही. ज्या दोषाचा आम्हाला फटका बसला, त्याच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे मोजणे माझ्या स्वभावात बसत नाही. नूतनीकरणाला तीन महिने आहेत आणि तोवर दर सोमवारी सकाळी मी माझाच फॉर्म चार वेळा, चार वेगळे कालावधी निवडून भरतो आणि नोंदी कोणत्या गटात पडल्या ते पाहतो. ती चारही उत्तरे महिन्याच्या मर्यादेत मोजली जातात.