ई. कोलाय, पिकिया की सीएचओ? औषधी प्रथिनासाठी पेशी निवडताना

नवीन प्रथिन हातात आलं की बहुतेक जण आधी खर्च मांडतात. मी आधी विचारतो, या प्रथिनाला अंगावर जोडलेल्या साखरेच्या साखळ्या लागतात का?

लागत नसतील तर सरळ ई. कोलाय हा जिवाणू घ्या. पोषक माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, माध्यमही स्वस्त. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन त्यातूनच आलं. ग्लुकोज जास्त झालं की मात्र तो अ‍ॅसिटेट बाहेर टाकतो. पेशी वाढवायच्या टाकीजवळ उभं राहिलात तर कळतंच: आम्लता मारायला अल्कलीचा पंप सारखा चालू होतो आणि वाढ मंदावते. अ‍ॅसिटेटकडे नेणारी जनुकं काढता येतात, पण मग कार्बन पायरुवेट नाहीतर लॅक्टेटकडे वळतो. म्हणून जनुकांना हात लावण्याआधी ग्लुकोजचा फीड, म्हणजे टाकीत सोडली जाणारी धार, आवळून बघा. शिवाय प्रथिन पेशीत गोळा होऊन बसलं, तर ते उलगडून पुन्हा नीट घडी घालण्याचं काम वेगळंच.

पिकिया हे यीस्ट प्रथिन बाहेर स्रवू शकतं, तेव्हा शुद्धीकरण सोपं जातं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची हिपॅटायटिस-बी लस १९९७ मध्ये आली ती पिकियावरच. मिथेनॉलवर चालवलं तर मात्र उष्णता आणि ऑक्सिजनची भूक, दोन्ही वाढतात. आणि त्याच्या साखळ्या मॅनोजने भरलेल्या असतात. माणसाच्या शरीरातून असं प्रथिन लवकर निघून जातं.

साखळ्यांसकट पूर्ण अँटीबॉडी करायची असेल तर सीएचओ, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी. दुप्पट व्हायला जवळपास दिवस लागतो, एक बॅच दोन आठवडे चालते. इथे चयापचयाला महत्त्व सगळ्यात जास्त, कारण नुसतं उत्पादन घटत नाही, औषधच बदलतं. ग्लुटामिनपासून अमोनिया साठला की साखळीच्या टोकाचं सायलिक आम्ल (एक प्रकारची साखर) कमी होतं. लॅक्टेट वाढलं की अल्कली घालावी लागते आणि क्षार वाढत जातात. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय ग्लुटामिन सिंथेटेजचा: हे जनुक घातलेली पेशी ग्लुटामेट आणि अमोनिया जोडून स्वतःच ग्लुटामिन बनवते. बाहेरून ग्लुटामिन नको, अमोनियाही कमी, आणि चांगले क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले वंश, निवडायला तेच जनुक कामी येतं.

अँटीबॉडीचा नुसता तुकडा पुरणार असेल तर सीएचओवर वेळ घालवू नका. डोळ्यात टोचतात ते रॅनिबिझुमॅब हे औषध असाच साखळीविना तुकडा आहे, आणि ते ई. कोलायमध्येच बनतं.

पिकिया ठरलंच, तर प्रयोगाआधी टाकीच्या थंड पाण्याची क्षमता मोजून घ्या. चालू बॅचमध्ये मिथेनॉलचा फीड क्षणभर थांबवा: विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा लगेच उसळला तर पेशी मिथेनॉल संपवतायत, ठीक, रेंगाळला तर टाकीत मिथेनॉल साठलंय.