आदिस अबाबातलं कल्चरल हॉटेल: जेवण एक नंबर, स्टेजवरचं निवेदन मात्र बदला

कामानिमित्त इथिओपियाच्या राजधानीत, आदिसला येणारी आपली मंडळी नेहमी विचारतात की संध्याकाळी जेवायला कुठे जायचं. बोले भागात पारंपरिक जेवण आणि नाचगाणी असलेली हॉटेलं आहेत, त्यातल्या एकाबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांबद्दल नाहीये, एका जुन्या समजुतीबद्दल आहे.

आधी जेवण. शाकाहारी असाल तर बुधवारी नाहीतर शुक्रवारी जा, त्या दिवशी इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचा उपास असतो, म्हणजे मांस, दूध, अंडी काहीच नाही, आणि बेयायनेतूचं, म्हणजे वेगवेगळ्या भाज्या-डाळींचं ताट झकास मिळतं. मोठ्या इंजेरावर (आंबवलेल्या पिठाची डोशासारखी पोळी) मसूरडाळीचं लालभडक मिसिर वोत, गोमेनची पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर, बीट आणि मधोमध शिरो. हा शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं आपलं पिठलंच, फक्त बेर्बेरे नावाच्या मिरचीच्या मसाल्याने लालसर झालेलं, छोट्या मातीच्या भांड्यात रटरटत टेबलावर येतं. इंजेरा तेफ नावाच्या बारीक धान्याचा, नीट आंबवलेला, वरून जाळीदार, खालून अजिबात चिकट नाही. सगळ्यांनी एकाच ताटात जेवायचं, आणि वाढणारी बाई स्वतःच्या हाताने पहिला घास भरवते, त्याला गुर्शा म्हणतात. नाही म्हणू नका, प्रेमाने देतात.

मांस खाणाऱ्यांनी किटफो घ्यावा. बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, मसालेदार तूप आणि मितमिता नावाचा तिखट मसाला घातलेलं (कच्चं नको असेल तर थोडं परतून देतात). ही मूळची गुरागे लोकांची डिश. सोबत कोचो येतो, एन्सेट नावाचं केळीसारखं दिसणारं झाड असतं त्याचा गर आंबवून केलेली भाकरी. आता गंमत बघा, गुरागे भाषा सेमिटिक, म्हणजे अरबीच्या आणि इथल्या अम्हारिक, तिग्रिन्या या भाषांच्या घरातली, पण कोचो हे सिदामा आणि हादिया लोकांचंही रोजचं अन्न आणि त्यांच्या भाषा कुशिटिक या दुसऱ्या घराण्यातल्या. भाषा एका घराण्याची आणि ताट दुसऱ्या घराण्याच्या शेजाऱ्याचं!

आणि नेमकं हेच स्टेजवर कोणी सांगत नाही. कार्यक्रम सुरेख आहे, मासिन्को आणि क्रार ही तंतुवाद्यं, केबेरो हा ढोल, सगळं लाइव्ह, अम्हारांची खांदे उडवणारी एस्किस्ता, मग उत्तरेकडच्या तिग्रायचा नाच, मग गुरागेंचा दमछाक करणारा नाच, मग कुशिटिक भाषा बोलणाऱ्या ओरोमो लोकांचा. कपडे, दागिने, ताल सगळं मन लावून केलेलं. पण निवेदक प्रत्येक नाचाआधी इंग्रजीत सांगतो की हे सेमिटिक, हे तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानातून आलेले, आणि हे कुशिटिक, हे इथले मूळचे. टुरिस्ट माना डोलावतात आणि तेच डोक्यात घेऊन घरी जातात.

असं नाहीये हो. २०१२ साली इथिओपियातल्या बऱ्याच समाजांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सेमिटिक आणि कुशिटिक बोलणारे दोघेही जवळजवळ एकाच गटात बसले. आफ्रिकेबाहेरून आलेला वारसा ४० ते ५० टक्के, आणि तो सेमिटिक बोलणाऱ्या अम्हारांमध्ये आहे तसा कुशिटिक बोलणाऱ्या ओरोमोंमध्येही. ही सरमिसळ साधारण ३००० वर्षांपूर्वीची धरतात. दक्षिणेत मोटा गुहेत ४५०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, २०१५ मध्ये त्याचा जीनोम आला, त्याच्यात हा बाहेरचा वारसा नाही. म्हणजे बाहेरून माणसं आली हे खरं, पण त्यांचं रक्त दोन्हीकडे मिसळलं, आणि बऱ्याच लोकांनी पिढ्यानपिढ्या तिथेच राहून भाषा तेवढी बदलली. लालिबेला गावातली दगडात कोरलेली ११ चर्च बघायला सगळे जातात, ती ज्या झाग्वे राजघराण्याच्या नावावर आहेत ते अगाव लोकांचं, आणि अगाव भाषा कुशिटिक. आज त्या गावात अम्हारिक बोलतात. अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं तेही शेजारच्या कुशिटिक भाषांच्या संगतीने, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

मला हे एवढं का लागतं, तर या देशात मूळचा कोण आणि बाहेरचा कोण हा प्रश्न गप्पांपुरता नाही, तो राजकारणात वापरला जातो, आणि २०२० ते २०२२ तिग्रायमध्ये केवढं भीषण युद्ध झालं ते आपण पाहिलंय. अशा ठिकाणी रोज माईकवरून लोकांची अशी वाटणी करणं मला अजिबात पटत नाही. आपल्याला तर हा देश परका नाही, १६१० मध्ये खडकी म्हणजे नंतरचं औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर इथलाच. मॅनेजरला मी हे सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि स्वतःच म्हणाला की त्याची आई ओरोमो आणि वडील अम्हारा. मग हेच सांगा ना स्टेजवरून!

कॉफीसाठी थांबाच. समोर बसून बिया भाजतात, धूर टेबलापर्यंत आणून वास देतात, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून अबोल, तोना, बेरेका असे तीन राउंड होतात, सोबत पॉपकॉर्न. घाईत जाऊ नका, तिसरा कप हलका असला तरी तो न घेता उठणं बरं दिसत नाही.

टेबल आधी बुक करा आणि स्पीकरपासून लांबचं मागा, आवाज खूप असतो. बसायला ठेंगणे स्टूल आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची मागितली तर लगेच देतात. जेवण ५ पैकी ५, नाच ५ पैकी ५, निवेदन २.