नायट्रेट शोषणारे दाणे आणि न हलवलेली बाटली

मत्स्यालयातलं नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साचणारं रसायन) कमी करून देतो म्हणून एका विक्रेत्याने मला व्यवस्थित गंडवलं. त्याची पद्धत इतकी साधी आहे की मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणारा कोणीही सहज फसेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या टाकीत नायट्रेट ८० पीपीएमवर (म्हणजे लिटरमागे साधारण ८० मिलिग्रॅमवर) गेलं होतं. नुसते मासे असते तर एवढ्यावरही काही काळ निभावलं असतं, पण कोरल (प्रवाळ) मिटून बसले होते आणि काचेवर तपकिरी शेवाळ चढत होतं. हा माणूस घरी आला, स्वतःच्या किटने पाणी तपासलं, चाचणीच्या नळीत गडद लाल रंग आला. मग त्याने पिवळसर तपकिरी दाण्यांची जाळीची पिशवी काढली. पिशवीवर ना नाव, ना घटक. ‘संपमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या भांड्यात) टाका, दाणे नायट्रेट ओढून घेतील. मात्र यांचा जम बसेपर्यंत पाणी बदलू नका.’ पुढच्या खेपेला त्यानेच पुन्हा तपासलं, तर रंग चक्क पिवळा! म्हणजे जवळपास शून्य. पैसे घेतले, आणखी दोन पिशव्या माथी मारल्या.

टाकी मात्र वेगळंच सांगत होती. शेवाळ वाढतच होतं, कोरल उघडायचं नाव घेत नव्हते. शेवटी मी स्वतः किट आणून तपासलं. आकडा आधीपेक्षा वर.

तो पिवळा रंग कुठून आला, हे किटची माहितीपुस्तिका वाचल्यावर कळलं. या चाचणीत नायट्रेटचं आधी नायट्राइट व्हावं लागतं, मगच रंग येतो. ते काम करणारी बारीक पूड दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बसलेली असते, म्हणून ती बाटली निदान अर्धा मिनिट जोरात हलवायची आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवायची, अशी सूचना असते. न हलवता थेंब टाकले की पूड नळीत जातच नाही आणि पाण्यात कितीही नायट्रेट असो, आकडा खाली येतो. पहिल्या भेटीत गडी बाटली खुळखुळ्यासारखी वाजवत होता. दुसऱ्या भेटीत गप्पा मारत मारत थेट थेंब टाकले. मी मुद्दाम दोन्ही प्रकारे करून पाहिलं. एकाच भांड्यातलं पाणी, एकदा लाल, एकदा पिवळं.

आता दाण्यांबद्दल. ते आयन (पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण) बदलणारं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे दाणे, होतं. गोड्या पाण्यात ते खरंच चालतं: स्वतःजवळचा क्लोराइड सोडतं, नायट्रेट धरतं. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतो आणि माझ्याकडचं नायट्रेट होतं लिटरमागे ८० मिलिग्रॅम. त्या गर्दीत नायट्रेटला जागा कुठून मिळणार? गंमत म्हणजे हे त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितलं होतं: ‘दाणे थकले की कडक मिठाच्या पाण्यात बुडवा, पुन्हा ताजे होतात.’ ताजे होतात, कारण मिठातला क्लोराइड नायट्रेटला हुसकावून लावतो. मग खाऱ्या टाकीत ते दाणे काय दिवे लावणार!

‘पाणी बदलू नका’ हा त्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. पैसे गेले ते गेलेच, पण चालू असलेला एकमेव खरा उपायही बंद पडला. नायट्रेट नसलेल्या पाण्याने ३० टक्के बदल केला की ८० चे ५६ होतात, पुढच्या वेळी ३९, मग २७; मधल्या काळात पडणारी नवी भर वेगळी. मी तेच केलं, घाई न करता. आरओच्या पाण्यात मीठ कालवून, क्षारता आणि तापमान टाकीशी जुळवून. फिल्टरचा स्पंज वरचेवर धुतला, माशांचं खाणं कमी केलं, स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप साफ ठेवला, संपमध्ये दिवा लावून किटोमॉर्फा हे हिरवं समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवलं; वाढलेलं कापून बाहेर काढलं की त्याने शोषलेलं नायट्रेटही बाहेर जातं. कोरल हळूहळू उघडले.

पैसे परत मागितले तर म्हणे, ‘तुमचं किट खराब आहे.’ त्यावर एक सोपी तपासणी आहे. टाकीचं अर्धं पाणी आणि अर्धं आरओचं पाणी मिसळून मोजा. किट नीट असेल तर आकडा साधारण निम्मा येतो. माझा आला. तेही त्याला सांगितलं. त्यानंतर फोन उचलणं बंद.

असा कोणी तुमच्याकडे आला तर पाणी तुमच्या किटने, तुमच्या हाताने तपासा. आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा, तेही विचारा. दुसरा आकडा सुमारे ४.४ पटींनी लहान दिसतो आणि ‘बघा, कमी झालं’ म्हणायला तेवढं पुरतं. दाण्यांत काय आहे ते लेखी मागा. पांढरी बारीक जाळी, नाडीने बांधलेली, आत मोहरीएवढे पिवळसर तपकिरी दाणे: माझ्याकडे आलेली पिशवी अशी होती.