सोशल मीडियाऐवजी फीड रीडर: बरेच महिने वापरल्यावर

आधीच सांगते, सोशल मीडिया सोडला वगैरे काही नाही, अकाउंटं सगळी आहेत अजून. फक्त वाचायला म्हणून तिकडे जाणं बंद केलं आणि त्यासाठी फीड रीडर वापरायला घेतला. आता बरेच महिने झालेत, नव्याची नवलाई ओसरलीय, त्यामुळे काय जमतं काय नाही ते नीट सांगता येईल. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मी अधेमधे ॲप बदलूनही बघितलं आणि खालच्या तक्रारी कमीजास्त सगळीकडे तशाच निघाल्या.

ज्यांनी कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॉग किंवा साइट आपल्या ताज्या लेखांची एक यादी फाइल करून ठेवते, ते आरएसएस फीड. १९९९ पासून आहे हे, म्हणजे फेसबुकच्याही आधीपासून. रीडर ती फाइल अधूनमधून जाऊन बघतो आणि नवीन काही आलं असलं की तुमच्यापुढे आणून ठेवतो, बस एवढंच. ज्यांनी जुन्या काळात ब्लॉग लिहिलेत वाचलेत त्यांना गूगल रीडर आठवत असेल, तो १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि बऱ्याच जणांचा समज झाला की फीड हा प्रकारच गेला. गेला नव्हता. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा, बहुतेक वेळा समोर येतंच. यूट्यूब चॅनेलचं पण फीड असतं, पॉडकास्ट तर चालतातच फीडवर. फेसबुक-इन्स्टाचं मात्र सरळ मार्गाने मिळत नाही, तिथल्या लोकांसाठी तिथेच जावं लागतं.

आता अनुभव. पहिली गोष्ट म्हणजे यादी संपते. हे वाचायला फार क्षुल्लक वाटेल पण ज्याला सतत अंगठा वर ढकलायची सवय लागलीय त्याला सुरुवातीला हे चक्क त्रासदायक होतं, "आणखी काही नाही" असं स्क्रीनवर येतं आणि हात तसाच रिकामा राहतो. मी तर पुन्हा रिफ्रेश करून बघायचे, अर्थात काही नसायचंच, कारण लोक दिवसभर ब्लॉग लिहीत बसत नाहीत. साधारण महिनाभर हे चाललं असेल, मग सुटलं.

दुसरं, क्रम. जे शेवटी आलं ते वर. इन्स्टाने २०१६ मध्ये पोस्ट वेळेप्रमाणे दाखवणं सोडून स्वतःच्या हिशोबाने लावायला घेतलं, ट्विटरनेही त्याच वर्षी तसंच केलं, आणि आपल्याला आता त्याची इतकी सवय झालीय की जे दिसत नाही ते लिहिलंच गेलं नाही असं वाटतं. मी ज्या काही लोकांना वर्षानुवर्षं वाचतेय त्यातले बरेच जण दोन-तीन महिन्यांतून एकदा लिहितात, फोटो नाही, भांडण नाही, सरळ मोठा लेख. असल्यांच्या लिंका सोशल मीडियावर कोणाच्या नजरेला पडणार? रीडरमध्ये ते येतात म्हणजे येतातच, मी आठवडाभर उघडला नाही तरी जागेवर असतात. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच आहे, बाकी वेळ वाचतो, मन शांत होतं असलं जे सांगतात ना, त्यातलं मला विशेष काही जाणवलं नाही. वेळ तेवढाच जातो.

पण हेच लेख रीडरमध्येसुद्धा बुडू शकतात हं. बातम्यांची साइट जोडली की खेळ खलास, दिवसाला एवढा माल येतो की तुमचा तो दोन महिन्यांतून एकदा लिहिणारा माणूस त्याखाली गाडला जातो, आणि वर न वाचलेल्यांचा तो आकडा फुगत जातो तो वेगळाच. आकडा बघून उगाच अपराधी वाटायला लागतं, जणू गृहपाठ राहिलाय. त्यावर उपाय म्हणजे बातम्या काढून टाका, किंवा त्यांचं वेगळं फोल्डर करून त्याला बिनधास्त "सगळं वाचलं" मारत जा. मी काढल्या. आकडाही सेटिंगमध्ये जाऊन बंद केला, बऱ्याच रीडरांत ती सोय असते आणि पहिल्याच दिवशी करावी.

एक प्रकार मात्र अजून पचलेला नाही. मी वाचते त्यातल्या एका ब्लॉगवाल्याने रात्री उशिरा घरातल्या कुठल्यातरी प्रसंगावर एक लेख टाकला, बराच खाजगी, आणि सकाळपर्यंत काढूनही टाकला. ब्लॉगवर गेलं तर पान सापडत नाही, रीडरमध्ये मात्र अख्खा लेख तसाच, शीर्षकासकट. रीडर लेख एकदा आणून आपल्याकडे ठेवतो ना, मागाहून तिकडे उडवला तरी इकडची प्रत बहुतेक वेळा राहते. मी शेवटपर्यंत वाचला नाही, माझ्या बाजूने उडवला, पण असे आणखी कितीजणांकडे पडून असतील कोण जाणे. स्वतः ब्लॉग लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, पब्लिश दाबलं की तो लेख पूर्णपणे तुमच्या हातात राहत नाही. शुद्धलेखनाच्या चुका नंतर सुधारल्या तरी काही रीडर पहिलाच खर्डा दाखवत बसतात.

लिहिणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, अर्धं फीड देणाऱ्यांना हात जोडून विनंती. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंगमध्ये पूर्ण मजकूर की सारांश असा पर्याय असतो, ब्लॉगरवरही आहे. सारांश ठेवला की वाचकाला चार ओळी दिसतात आणि पुढे क्लिक करा. कारण कळतं मला, पूर्ण लेख रीडरमध्ये वाचला गेला तर तुमच्या व्हिजिटर आकड्यात तो दिसत नाही, आणि ज्याला कोणी वाचतंय का हेच कळत नाही त्याने लिहावं तरी कशासाठी. खरंय ते. माझ्या स्वतःच्या ब्लॉगवर पूर्ण फीड आहे आणि आकडे बघितले तर तिथे कुत्रं फिरकत नाही, तरी मधूनच कोणाचीतरी मेल येते की वाचतो आम्ही.

रीडरमधून सगळ्यात जास्त गमावते ते हेच, म्हणजे गप्पा. लेख आवडला तरी बदामही नाही आणि कमेंटही नाही, त्यासाठी ब्लॉग उघडा, नाव-मेल भरा, मग ते मंजूर व्हायची वाट बघा. सोशल मीडियावर निदान कोणीतरी "अगदी अगदी" म्हणायला असतं. मी आता आवडलेल्या लेखावर ब्लॉगवर जाऊन दोन ओळी टाकतेच, कंटाळा आला तरी, पण हे ॲपने करून दिलेलं नाही, मी स्वतःला लावून घेतलंय.

मराठी वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फॉन्ट ठीक आहे पण ओळींमधलं अंतर वाढवून घ्या, नाहीतर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. आणि शोध बेकार. "पुस्तक" टाकलं तर "पुस्तकाचं", "पुस्तकातला" येईलच याची खात्री नाही, इंग्रजी शोध त्या मानाने बरा चालतो. त्यामुळे जपून ठेवायचे लेख मी टॅग लावून ठेवते, शोधाच्या भरवशावर सोडत नाही.

पैसे भरून घ्यावं का? फुकटात जितकी फीड जोडता येतात तेवढ्यात माझं सगळं आरामात बसतं, ज्यांना न्यूजलेटरही यातच हवीत किंवा भरपूर फिल्टर लावायचेत त्यांनी विचार करावा. काहीही घेतलंत तरी फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशी यादी एका रीडरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइलचा प्रकार) काढता येते ना तेवढं आधी बघा. मी ॲप बदललं तेव्हा सगळी यादी फोल्डरांसकट पाच मिनिटांत नव्या जागी आली, फक्त तारांकित केलेले लेख जुन्यातच राहिले, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.